पडू नको खाली

मूल झोपत नाही ही तक्रार घेऊन जे कुटुंब दवाखान्यात येतं, त्यात एकच जण गाढ झोपलेला असतो, आणि तो म्हणजे ते मूल. बापाच्या खांद्यावर मान टाकलेली, तोंड उघडं, लाळ शर्टाच्या कॉलरवर. आई-बापांचे डोळे मात्र तांबारलेले. आमच्या रझिया आपा दाराशी बसून नंबर लावत. अशी मंडळी आली की त्या आत डोकावून विचारायच्या, "डॉक्टरसाब, नींद की शिकायत वाले आ गए. बच्चा सो रा, मां-बाप जाग रैं. पहले किसकू देखते?" आपांना विनोद करायची सवय नव्हती. त्यांना खरोखरच उत्तर हवं असायचं.

मी बालरोगतज्ज्ञ, म्हणजे व्यवहारात पालकांची डॉक्टर. हैदराबादेत नल्लकुंट्याच्या एका गल्लीत खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर मी, असा आम्ही दोघांनी एका जिन्यावर संसार केला. आता मी निवृत्त आहे आणि झेरॉक्सवाला मोबाइलची कव्हरं विकतो. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'कारकिर्दीतले थरारक प्रसंग' मागितले होते. तसे प्रसंग आहेत. पण दिवाळीचा चिवडा खाता खाता कुणी मेंदूज्वराबद्दल वाचू नये, असं मला आपलं वाटतं. म्हणून झोपेबद्दल लिहिते.

आधी धंद्यातलं गुपित सांगून टाकते, आता पोटावर पाय यायची भीती नाही. झोप न येणाऱ्या मुलाला बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं. डॉक्टरने करायची ती चौकशी. संध्याकाळनंतर काय खाल्लं, दुपारी किती लोळलं, कुठे झोपतं, कुणाजवळ, दिवा कोण मालवतं. मिळालेली उत्तरं खरी नाहीत हे गृहीत धरायचं. आई-बाप लबाड असतात असं नाही. डॉक्टरच्या खुर्चीसमोर बसलं की त्यांच्या घरात एकाएकी शिस्त नांदू लागते, इतकंच.

बरकतपुऱ्यातले एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. पोस्टातून निवृत्त, करड्या आवाजाचे. नातू रात्री डोळे टक्क उघडे ठेवून पंख्याकडे बघत बसतो म्हणाले. "चहा-कॉफी?" मी विचारलं. आजोबांचा अपमान झाला. "आमच्या घराण्यात मुलांना चहा देण्याची पद्धत नाही." नातू तेवढ्यात म्हणाला, "चहा नाही डॉक्टर. बिस्कीट." कसलं बिस्कीट, तर रोज संध्याकाळी आजोबांचा हात धरून इराण्याच्या हॉटेलात जायचं, आणि तिथे उस्मानिया बिस्कीट खायचं. बिस्कीट बशीत बुडवायचं. बशी तोंडाला लावून स्वच्छ करायची. मग दुसरी बशी. आजोबांच्या हिशेबात हा चहा नव्हता, तो बिस्किटाचा ओलावा होता. त्यांना समजावण्यात माझी तीन वर्षांची वैद्यकीय पदव्युत्तर पदवी कामी आली असं मी म्हणणार नाही.

बेगम बाजारातल्या भांड्यांच्या दुकानदाराची बायको आली ती टॉनिक मागायला. केबल नुकतंच घरोघरी पोचलं होतं आणि देशात पहिल्यांदाच रात्री झोपण्यापेक्षा चांगलं करण्यासारखं काहीतरी उपलब्ध झालं होतं. सगळं घर एका खोलीत, आणि बाळाची गादी टीव्हीच्या बरोबर खाली. "टीव्ही कब बंद करते?" मी विचारलं. बाई प्रामाणिक होती. ती म्हणाली, "करंट गया तो." अशा बाईला खोटं टॉनिक लिहून द्यावंसं वाटत नाही. मी वीज मंडळावर भरवसा ठेवायला सांगितलं.

ही झाली साधी माणसं. उदारीकरणाने माझ्या दवाखान्यात जी नवी जमात आणली, ती अशी उघडी पडत नसे. पुण्या-मुंबईकडची तरुण जोडपी, दोघंही कॉम्प्युटरवर, हिमायतनगरला लिफ्टच्या इमारतीत फ्लॅट. शहराच्या पलीकडे खडक फोडून काचेची ऑफिसं उभी राहत होती आणि ही मंडळी सकाळी तिकडे जात, ती अंधार पडल्यावर परतत. त्यांच्या मुलांना जंत होत नसत. त्यांच्या मुलांना 'इश्यू' असत.

निखिल आणि मधुरा त्यातलेच. दोघंही पुण्याचे. सानिका साडेतीन वर्षांची, जन्मली हैदराबादलाच. पहिल्या भेटीत निखिलने माझ्यासमोर दोन हात टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "मॅडम, प्रॉब्लेम सिम्पल आहे. सगळं नीट चाललं होतं. मग अचानक बग आला."

बग असा होता, की जी मुलगी जन्मल्यापासून शहाण्यासारखी झोपत होती, ती आता झोपेनाशी झाली होती. कसंबसं निजवलं तरी रात्री पुन:पुन्हा उठे, आणि उठली की एकच वाक्य म्हणत राही.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"पडू नको खाली," मधुरा म्हणाली. "सारखं तेच. पडू नको खाली, पडू नको. कुणाला म्हणते कळत नाही. डॉक्टर, तिला कुणीतरी पडताना दिसतं का?"

आता हे वाक्य साडेतीन वर्षांच्या मुलीच्या तोंडून अंधारात ऐकलं तर कुणीही दचकेल. मीही दचकले. मी मुलीचे कान तपासले, तोल पाहिला, डोळे पाहिले. सरळ रेषेत चालायला लावलं, एका पायावर उभं केलं. सानिका एका पायावर माझ्यापेक्षा बरी उभी राहिली. ती कुठे पडली होती का, जिन्यावरून, झोपाळ्यावरून? नाही. तिच्यादेखत कुणी पडलं होतं का? नाही. मुलगी मात्र एक शब्द बोलत नव्हती. आईच्या ओढणीचं टोक तोंडात धरून माझ्याकडे बघत बसली होती.

"घरात बोलते ना?" मी विचारलं.

"इंग्लिशमध्ये," निखिल म्हणाला. "म्हणजे, आता बोलेल. आम्ही घरात सध्या ओन्ली इंग्लिश केलंय."

पुढच्या भेटीपर्यंत त्या घरात पडण्याविरुद्ध युद्ध पुकारलं गेलं होतं. मुलीच्या पलंगाला सुताराकडून कठडा बसवला. मग कठड्यावरून पडेल म्हणून गादी जमिनीवर आणली. गादीभोवती उशा रचल्या. पुण्याहून सासूबाई आल्या, त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. निखिलच्या साहेबाने वास्तूवाला पाठवला, त्याने डोकं दक्षिणेला करायला सांगितलं. गादीच्या सगळ्या दिशा करून झाल्या होत्या, आता फक्त ती छताला टांगायची उरली होती. एवढ्या तयारीनंतर त्या घरात चमचाही खाली पडत नसेल, पण सानिका म्हणतच होती.

सासूबाईंनी मग निकाल लावला. मुलीला पुण्याला न्यायचं, शाळेत जाईपर्यंत तिथेच ठेवायचं. "इथे कोण आहे तिचं?" असं त्या म्हणाल्याचं निखिलने मला सांगितलं, मुलीची आई शेजारीच बसलेली असताना. त्याला ती कल्पना पसंत होती. मोठा प्रोजेक्ट होता, अमेरिकेचा दिवस उजाडला की त्याची रात्र सुरू व्हायची, आणि झोप नसल्यामुळे ऑफिसात त्याच्या चुका होऊ लागल्या होत्या. मधुराने मुलीला मांडीवर अजून आत ओढलं. मुलगी दिली तर जीव जाणार, आणि ठेवायची तर नोकरी सोडावी लागणार, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मला त्या क्षणी निखिलचा राग आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला गोष्टी दुसऱ्या गावी पाठवून सोडवायची सवय लागली होती.

"तारीख ठरली?" मी विचारलं.

"पुढचा शनिवार," तो म्हणाला.

मी म्हटलं, मग त्याआधी एकदा तिला घेऊन या, आणि दोघंही या, आणि घाईत येऊ नका. माझ्याकडे काही युक्ती होती म्हणून नव्हे. मला नुसता वेळ काढायचा होता.

ती तिसरी भेट संध्याकाळची. खाली झेरॉक्सच्या यंत्राची घरघर चालू होती. मी पुन्हा मुळापासून सुरुवात केली. "हे कधीपासून? त्याच्या आधी घरात काय बदललं?"

"काहीच नाही," निखिल म्हणाला.

"बाई बदलली," मधुरा म्हणाली.

"हां, बाई बदलली. पण ते तर चांगल्यासाठी."

बाई म्हणजे यादम्मा. सानिका तीन महिन्यांची असल्यापासून ती सांभाळायला होती. सकाळी येई, रात्री सानिकाला निजवून, झाकपाक करून जाई. आई-बाप परतत तेव्हा मुलगी झोपलेली असे. म्हणजे जन्मल्यापासून शहाण्यासारखी झोपणाऱ्या या मुलीला आई-बापांनी स्वतः क्वचितच झोपवलं होतं. पण तेवढा तपशील त्यांना तोपर्यंत सांगण्याजोगा वाटला नव्हता. सुट्टीच्या दिवशी गाडीतून फिरवलं की ती झोपायची, म्हणे.

मग सानिकाला एका नामांकित नर्सरीत मुलाखतीला नेलं. साडेतीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती हा त्या काळातलाच शोध. बाईंनी आंब्याचं चित्र दाखवून विचारलं, "व्हॉट इज धिस?" सानिकाने हसून, मान वेळावून उत्तर दिलं, "मामिडी पंडु." उत्तर बरोबर होतं. तेलुगूत आंब्याला दुसरं काही म्हणत नाहीत. पण बाईंनी भुवया उंचावल्या आणि घरी परतताना गाडीत कुणी बोललं नाही. मुलीवर कामवालीची भाषा चढते आहे असं ठरलं, यादम्माला रजा मिळाली आणि एजन्सीकडून इंग्रजी बोलणारी एक बाई आली. ती संध्याकाळी वेळेवर जाई, म्हणून मधुरा ऑफिसातून लवकर परतू लागली. आणि सानिकाने तेलुगू शब्द काढला की घरातल्या सगळ्यांनी "नो तेलुगू" म्हणायचं.

इथे बाहेरच्या वाचकांसाठी हैदराबादचं एक सुख सांगितलं पाहिजे. या गावात तेलुगूचा एक शब्द न शिकता जन्म काढता येतो. रिक्षावाला, भाजीवाली, बँकेतला शिपाई, सगळे आपल्याशी हिंदी बोलतात, किंवा आपण ज्याला हिंदी समजतो ते. माझ्या एका मावसकाकूंनी इथे चाळीस वर्षं संसार केला आणि तेलुगूत त्यांना फक्त 'लेदु', म्हणजे 'नाही', एवढंच येत होतं, तेही पाणी आलं नाही म्हणून. निखिल-मधुराला इथे चार वर्षं झाली होती. त्यांना 'लेदु'ही येत नव्हतं. मी जन्माने हैदराबादची, शेजारपाजार तेलुगू, त्यामुळे मला ती भाषा आंदण मिळाली. त्यात माझी काही कर्तबगारी नाही.

"आता ती झोपते कुठे?" मी विचारलं.

"तिच्या रूममध्ये," निखिल म्हणाला. मुलांना स्वतंत्र झोपवावं असं त्याने अमेरिकेत पाहिलं होतं. तिथून त्याने एक यंत्रही आणलं होतं. मुलीच्या उशाशी एक डबी, आई-बापांच्या उशाशी दुसरी. इकडे मुलगी कुशीवर वळली तरी तिकडे खरखर ऐकू येणार. "बेबी मॉनिटर," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान दिसला. "त्यावरच तर ऐकू आलं आम्हाला. पडू नको खाली."

"मग तुम्ही काय करता?"

"धावतो. ट्यूब लावतो. तिला उचलतो, लागलंय का बघतो."

"रोज?"

"जितक्या वेळा म्हणेल तितक्या वेळा," तो म्हणाला. "मॅडम, आम्ही निष्काळजी पालक नाही आहोत."

मग तो पुण्याच्या तिकिटांवर आला, मधुरा एकदाची बोलली, "मला नाही पाठवायची," आणि दोघांचं माझ्या टेबलावर जुंपलं. नवरा-बायको भांडू लागले की डॉक्टरने काहीतरी लिहीत असल्याचं दाखवायचं असतं. मी पेन उचललं आणि टेबलाखालून सानिकाकडे नजर टाकली.

माझ्याकडे मुलांसाठी एक कापडी बाहुली होती. मुलांनी पूर्वी तिला इतकी इंजेक्शनं दिली होती की तिच्यातला कापूस बाहेर आला होता. सानिका जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिने ती बाहुली पालथी मांडीवर घेतली होती आणि तिच्या पाठीवर थोपटत ती हलक्या आवाजात, एका चालीत म्हणत होती, "पडुको तल्ली, पडुको. पडुको तल्ली, पडुको."

"बघा!" निखिल ताडकन उठला. "आता दिवसासुद्धा! सानू, नो! कोणी पडत नाहीये!" तो बाहुली काढून घ्यायला वाकला.

"बसा," मी म्हटलं. माझा आवाज एवढा चढला की रझिया आपांनी दारातून डोकावून पाहिलं. "ती काय म्हणाली?"

"पडू नको खाली," दोघंही एकदम म्हणाले.

"तसं ती म्हणालीच नाही. तसं तुम्ही म्हणताय."

मी खुर्चीवरून उतरून सानिकाच्या समोर जमिनीवर बसले. माझे गुडघे तेव्हा चालत होते. मी तिला तेलुगूत विचारलं, "बोम्मा पडुकुंदा?" बाहुली झोपली का?

सानिकाने मान वर करून प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. मग तिने चटकन आईकडे पाहिलं, म्हणजे आता 'नो' येणार का याचा अंदाज घेतला. नो आलं नाही. तेव्हा ती माझ्या कानाजवळ येऊन कुजबुजली, "इंका लेदु. लाइट वद्दु."

अजून नाही. दिवा नको.

आम्ही भेटल्यापासून ती माझ्याशी बोलली ते हे पहिल्यांदाच. मला हसू आलं, कारण सगळंच कळलं.

खुर्चीवर परत चढून मी दोघांना समजावून सांगितलं. 'पडुको' म्हणजे तेलुगूत 'झोप'. आडवी हो, निज. त्यात आपलं पडणं नाही आणि आपलं नकोही नाही. पण मराठी कानाला मधलं 'न' आपोआप ऐकू येतं, कारण लेकराला आपण जन्मापासून पडू नको, पडू नकोच सांगत असतो. तुमच्या यंत्राची खरखर, त्यात झोपेतला आवाज, 'तल्ली'चं झालं 'खाली'. आणि मला मात्र तुम्ही प्रत्येक वेळी तयार मराठी वाक्य आणून देत होता.

"तल्ली म्हणजे काय?" मधुराने विचारलं.

"आई."

तिचा चेहरा पार उतरला. "म्हणजे ती झोपेत त्या बाईला आई म्हणून..."

"नाही हो. ती बाई हिला म्हणायची. आपण नाही का पोरीला लाडाने 'माझी माय ती' म्हणत? तसं. झोप गं माझी माय, झोप. यादम्मा रोज रात्री थोपटताना हे म्हणत असणार."

मग मी त्यांना तो भाग सांगितला जो मला आजही सांगताना जड जातो. सगळीच मुलं रात्री अर्धवट जागी होतात. मोठेही होतात, आपल्याला आठवत नाही इतकंच. कूस बदलायची आणि पुन्हा झोपायचं. मात्र झोप लागताना जे जवळ होतं ते चाचपडल्यावर तिथे सापडलं पाहिजे. कुणाला चादरीचं टोक लागतं, कुणाला आईचा दंड. सानिकाला ते शब्द लागत होते, आणि ते म्हणणारं माणूस घरातून गेलं होतं. म्हणून ते काम तिने स्वतःकडे घेतलं. ती कुणाला हाक मारत नव्हती. ती घाबरलेलीही नव्हती. ती स्वतःला झोपवत होती. झोप गं माझी माय, असं स्वतःलाच सांगत होती. आणि प्रत्येक वेळी झोप लागायच्या बेताला दोन मोठी माणसं धावत येऊन ट्यूबलाइट लावत होती आणि तिला उभी करून विचारत होती, काय झालं, काय झालं.

निखिल आपल्या हातांकडे बघत होता. त्याच्याबद्दलचा माझा राग तिथे ओसरला.

"मग आता सोल्यूशन काय?" त्याने विचारलं. सवय एकदम जात नाही.

"यंत्र कपाटात ठेवा," मी म्हटलं. "सुताराला बोलवून कठडा काढून टाका, वास्तूवाल्याला बोलवू नका. तुमच्यापैकी एकाने तिच्याजवळ झोपा. ती ते म्हणाली की उठू नका, दिवा लावू नका. थोपटा आणि तिच्या मागून तेच म्हणा."

"तेलुगूत?"

"तिला झोप तेलुगूत येते. तुम्हाला ज्या भाषेत येत असेल त्यात तुम्ही झोपा."

मधुराने तिथेच एकदा म्हणून पाहिलं. "पडुको... टल्ली." सदाशिव पेठेने तेलुगूवर केलेला तो पहिला हल्ला असावा. सानिकाने बाहुलीवरून मान वर केली आणि आईकडे अशा नजरेने पाहिलं की मुलाखतवाल्या नर्सरीच्या बाई त्यापुढे मवाळ म्हणाव्यात. "तल्ली," तिने दुरुस्त केलं.

मी यादम्माला बोलवायला सांगितलं होतं. निखिल खरंच तिच्या वस्तीत गेला, त्याचं मला बरं वाटलं. पण ती लेकीच्या बाळंतपणासाठी गावी गेली होती आणि परत येणार की नाही हे शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. ज्या भाषेपायी तिला काढून टाकलं होतं, ती भाषा आता हवी होती तर यादम्मा नव्हती. मला ती एकदा भेटायला हवी होती. या सबंध प्रकरणात माझी खंत तेवढीच.

शनिवार येऊन गेला. सोमवारी मधुरा एकटीच आली, ऑफिसला जाता जाता. बसलीही नाही.

"पुण्याला?" मी विचारलं.

"नाही पाठवली. सासूबाई रागावल्या आहेत. डॉक्टर, एक विचारायचं होतं. पहिल्या रात्री मी तिच्याजवळ झोपले. ती उठली, मी दिवा लावला नाही, मी थोपटलं आणि म्हटलं, पडुको तल्ली. तर तिने डोळे उघडले आणि काहीतरी म्हणाली. या वेळी मी त्याचं मराठी केलं नाहीये. जसंच्या तसं पाठ करून आणलंय." तिने डोळे मिटून, परीक्षेला बसल्यासारखं म्हटलं, "नुव्वु कादु."

अशा वेळी भाषा येत नसती तर बरं, असं वाटतं. पण ती एवढ्या निष्ठेने शब्द न सांडता घेऊन आली होती, तिला मी काहीतरी गोड बनवून सांगणं बरोबर नव्हतं.

"तू नाही," मी म्हटलं. "'तू नाही', असं म्हणाली ती."

मधुरा खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं, आणि मी गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"मी थोपटतच राहिले. काय म्हणाली ते कळलंच नव्हतं ना. मग तिने माझं बोट धरलं आणि झोपली. काल रात्री परत तेच म्हणाली आणि परत झोपली." तिने नाक ओढलं. "म्हणजे मला नको म्हणून, माझंच बोट धरून झोपते?"

"तसंच दिसतंय."

ती जायला उठली. मग म्हणाली, "तेलुगूत 'मीच' कसं म्हणतात? म्हणजे ती 'तू नाही' म्हणाली, की मी म्हणणार, मीच."

"नेने."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

"खरंच," मी म्हटलं. "नेनु म्हणजे मी. नेने म्हणजे मीच."

"डॉक्टर," ती म्हणाली, "माझं माहेरचं आडनाव आहे ते." आणि ती ओल्या डोळ्यांनी इतकी हसायला लागली की बाहेर नंबर लावून बसलेल्या बायका आत काय चाललंय म्हणून माना वळवू लागल्या.

नंतर थंडीत सानिका माझ्याकडे आली ती खोकल्यासाठी. निखिलच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती आणि मधुराच्या मराठीत मधूनच 'हो'ऐवजी हैदराबादी 'हौ' येऊ लागलं होतं. झोपेचा विषय कुणी काढला नाही. लोक बरे झाले की आजाराचं नावही घेत नाहीत, डॉक्टरचं तर नाहीच. शेवटी छाती तपासताना मीच सानिकाला विचारलं, "काय गं, रात्री कोण झोपवतं तुला?"

"नेने," ती म्हणाली.

मधुराचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मुलगी आपलंच नाव घेते आहे याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. आता सानिकाला आईचं माहेरचं आडनाव माहीत असण्याचं काही कारण नव्हतं, आणि सरळ तेलुगूत तिच्या उत्तराचा अर्थ होतो 'मीच'. मी स्टेथोस्कोप कानातून काढला आणि खोकल्याचं औषध लिहायला घेतलं. या घराला माझ्याकडून भाषांतर पुरेसं झालं होतं.